‘होऊ शकतं’ म्हणणारे बिराजदार सर

डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल मी एका काचेच्या बरणीत भरली, बरणीवर बिराजदार सरांच्या रेणूचं लेबल चिकटवलं आणि ती पाहुण्यांपुढच्या टेबलावर ठेवली. असं कर म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं. एम.एस्सी.ला मला फर्स्ट क्लास आहे हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला माझ्या अज्ञानाची दया यायला नको.

ज्यांनी केमिस्ट्री बारावीतच सोडून दिली त्यांच्यासाठी एवढंच: डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं. त्याच्या तळाला हे निळे खडे असतात. ते भांड्यातली ओल शोषून घेतात आणि पाणी पिऊन तर्र झाले की गुलाबी होतात. नव्या बुटाच्या खोक्यात जी बारकी पुडी निघते, तिचीच ही रंगीत बहीण. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा हे खडे लांबून ओळखतं. मलाही ओळखू येत होते. पण त्या दिवशी मला वाटलं की जगात केमिस्ट्री शिकलेला मी एकटाच आहे.

कळंबच्या कॉलेजात मी लागलो तेव्हा सरांची पंचेचाळिशी उलटली होती. नळदुर्गकडचं लिंगायत घर. उंबऱ्याच्या आत कानडी, बाहेर मराठी. कपाळावर विभूतीची फिकट रेघ आणि अंगात पांढरा शर्ट. तो शर्ट हे आमच्या डिपार्टमेंटमधलं नवल होतं. आम्ही बाकीचे म्हणजे बाह्यांना ॲसिडची भोकं आणि बोटांना परमँगनेटचे तपकिरी डाग. सरांच्या शर्टावर शाईचासुद्धा डाग कधी दिसला नाही. पोरं त्यांना ‘कोरडे सर’ म्हणत. केमिस्ट्रीचा प्राध्यापक असून हा माणूस बाटलीला हात लावत नाही, याचा आम्हा टायट्रेशनवाल्यांना थोडा रागही होता.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “सर, तुमचं संशोधन कशावर?”

“पाण्यावर.”

“मग तुमची सॅम्पलं कुठं ठेवता?”

“अजून झालं न्हाय ते.”

“मग संशोधन कशावर करता?”

“जे झालं न्हाय त्याच्यावर,” सर म्हणाले आणि टेबलाचा खण ओढला.

खणात ज्वारीच्या ताटातलं भेंड होतं. लहानपणी आपण त्या पांढऱ्या, हलक्या भेंडाच्या बैलगाड्या करायचो, तेच. सरांनी त्याच्या गोळ्या कापल्या होत्या, गोळ्यांना तुराट्यांच्या काड्या टोचल्या होत्या आणि त्यातून एकावर एक खोल्यांची मोकळी इमारत उभी केली होती. गोळी म्हणजे धातूची गाठ, काडी म्हणजे सेंद्रिय रेणू, आणि मधल्या खोल्या रिकाम्या. त्या रिकाम्या खोल्यांसाठी सगळा खटाटोप होता.

“हवेत पाणी असतंय, टेकाळे. आपल्या कळंबच्या उन्हाळ्यातबी असतंय. थोडं, पण असतंय. पहाटं जरा जास्त. ते या खोल्यांनी धरावं.”

“हवेतलं पाणी धरणाऱ्या पावडरी आहेत की, सर.”

“धरणाऱ्या लई आहेत. सोडणारी न्हाय. एकदा धरलं की सोडवायला भट्टी लागती. मला अशी पाहिजे की पहाटं धरील आणि दहाच्या उन्हात सोडील. खाली वाटी ठेवली की झालं.”

अशी पावडर बाटल्यांत करून बघायची म्हटलं तर दहा जन्म पुरायचे नाहीत. सर ती आधी गणितात करत. रेणू कॉम्प्युटरवर बांधायचा, त्यात पाणी सोडायचं, ते किती ताकदीनं चिकटतं हे इलेक्ट्रॉनांच्या समीकरणांतून काढायचं. जास्त चिकटलं तर काट, कमी चिकटलं तरी काट. मग कुठल्यातरी काडीतला एक कार्बन काढायचा, त्याच्या जागी नायट्रोजन बसवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मेलेल्या रेणूंचं सरांना दुःख नसे. म्हणायचे, “कागदावर मरू द्या. बाटलीत मारायला महाग पडतंय.”

रेणूंना ते नाव देत नसत, नुसता नंबर. पोराचं नाव जन्मल्यावर ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. आणि ‘आहे’ हा शब्द तर इतका जपून वापरायचे की ऐकणारा वैतागावा. प्राचार्यांच्या वार्षिक अहवालात ‘संशोधनाची निष्पत्ती’ असा रकाना असे. आम्ही तिथं मनाला येईल ते ठोकून देत असू. मी एकदा ‘समाजप्रबोधन’ लिहिलं होतं. सर लिहीत, ‘होऊ शकते’. प्राचार्य त्याला लाल गोल करून कागद परत पाठवत आणि सर त्याच गोलाखाली तेच पुन्हा लिहून देत. शेवटी प्राचार्य दमले.

हे गणित चालायचं ते ऑफिसनं भंगारात काढलेल्या पाच कॉम्प्युटरवर. सरांनी ते एकमेकांना जोडले होते. एकेक गणित तीन-तीन आठवडे चाले. सकाळी आले की सर आधी प्रत्येक डब्यावर तळहात ठेवायचे, तापकऱ्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि कानडीत मोजायचे: वंदू, एरडू, मूरू, नाल्कू, ऐदू. पाचही गरम असले की मग चहा.

एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या लाऊडस्पीकरला जोड मिळेना. ती जबाबदारी माझी होती. मी खिडकीतून हात घालून पहिला दिसला तो प्लग उपटला आणि लाऊडस्पीकरचा लावला. राष्ट्रगीत झक्क झालं. सर खोलीत गेले, डब्यांवर हात ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, “एकोणीस दिवस झाले होते.” मी कान धरायच्या बेतात होतो. ते म्हणाले, “राहू द्या, पुन्हा लावू.” दुसऱ्या दिवशी त्या प्लगवर चिठ्ठी होती: ‘मशीन विचार करत आहे. हात लावू नये.’ आमचे लॅबमधले सय्यदमामू ती वाचून मला म्हणाले, “सर, इत्ता मान तो हमारे घर में मेरेकू भी नहीं.”

वेळ अमावस्येला सर मला दर वर्षी त्यांच्या शेतावर न्यायचे. आमच्याकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बारकी कोप बांधायची, तिच्यात पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी भाकरीबरोबर हाणून वर आंबील प्यायची. आंबिलीचा तिसरा तांब्या रिकामा करून मी बांधावर आडवा झालो होतो. सर कोपीपाशी बसले होते.

“टेकाळे, या कोपीत तुमी मावाल का?”

“आत्ता तर मी कुठंच मावणार नाही, सर.”

“पाच दगडं मावत्यात. सहावा न्हाय. आणि दार एवढंच की दगड आत जावा, कुत्रं जाऊ नये. आमच्या वडलांनी पेंढी उचलायच्या आधी हे मनात बघितलेलं असायचं. म्या तेच करतोय. फक्त कोप बारकी.”

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भज्जी वाढता वाढता म्हणाल्या, “यांच्या वडलांची कोप सकाळी बांधली की दुपारी उभी. यांची चौदा वर्षं झाली मनातच हाय. पांडव भाईर थंडीत बसल्यात.”

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनींनी पाठीवर थापटलं, पण शब्द मागं घेतला नाही. सरांना कुणी काही मागं घ्यायला लावलेलं मी पाहिलं नाही, आणि वहिनींनी कधी काही मागं घेतलेलंही.

दोनशे चौदा नंबर निघाला तेव्हा सरांच्या नोकरीचं शेवटचं दीड वर्ष राहिलं होतं. हा रेणू कागदावर मरेना. सरांनी त्याला उन्हाळा दाखवला, हिवाळा दाखवला, एक अणू इकडचा तिकडं करून छळला, तरी तो पहाटे पाणी धरे आणि उन्हात सोडे. सरांनी त्यावर निबंध लिहिला. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंनी तो वाचला आणि सरांना पत्र लिहिलं: रचना जमण्यासारखी वाटते, माझ्या एका विद्यार्थ्याला हा पदार्थ प्रत्यक्ष तयार करायला लावते, पहिला नमुना तुम्हाला पाठवते.

पत्र आलं त्या दिवशी सरांनी स्टोअरमधून एक काचेची बरणी काढली आणि स्वतः बेसिनवर धुतली. तीन पाण्यांनी धुतली, शेवटचं डिस्टिल्ड वॉटर. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. सय्यदमामू दारात उभे राहून बघत होते. “बिराजदार साब आज पानी कू हाथ लगाए,” असं म्हणत ते सगळ्या डिपार्टमेंटभर फिरले. बरणी कपाटात उपडी ठेवली गेली. नमुन्याची वाट बघत.

आता माझं. कॉलेजच्या नव्या विज्ञान इमारतीचं उद्घाटन ठरलं. संस्थेचे एक बडे पाहुणे येणार होते आणि प्रदर्शनाची जबाबदारी माझ्यावर होती. लाऊडस्पीकरनंतरही लोक माझ्यावर जबाबदाऱ्या टाकत, यात थोडा दोष लोकांचाही आहे. फिजिक्सकडं पेरिस्कोप होता, बॉटनीकडं फुलं होती. आमच्या टेबलावर भेंडाच्या गोळ्या. प्राचार्य आदल्या दिवशी बघायला आले.

“टेकाळे, पाहुण्यांना हे दाखवायचं? कडबा?”

“रेणू आहे तो, सर.”

“तो बाटलीत दाखवा की. केमिस्ट्रीत बाटली पाहिजे.”

हे वाक्य मला फार पटलं. खरं म्हणजे एवढी वर्षं मलाही तेच वाटत होतं. कपाटात एक बरणी होतीच, लखलखीत, जणू माझ्यासाठीच धुऊन ठेवलेली. डेसिकेटरमधले खडेही पाणीच पितात. म्हणजे खोटं असं काय, हा एक नमुन्याचा नमुना. मी लेबल चक्क कॉम्प्युटरवर छापलं: ‘दोनशे चौदा. संशोधक: प्रा. बिराजदार’. सय्यदमामू म्हणाले, “सर, ये तो अपने डेसिकेटर का माल है.” मी म्हणालो, “मामू, पाहुण्यांना काय कळतंय.”

पाहुण्यांना खरंच काही कळलं नाही. मी चमचाभर खडे बशीत काढले, वर पाण्याचे चार थेंब टाकले. खडे तडतडले आणि गुलाबी झाले. पाहुणे म्हणाले, “अरे, पिलं की हो.” टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी बरणी उचलून सरांच्या हातात दिली, सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो निघाला. सर बरणीकडं बघत होते. ती कुठली बरणी आहे हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार.

मग त्यांनी माइक मागितला. म्हणाले, “हे माझं नाही. माझं अजून झालेलं नाही. होऊ शकतं.”

सभागृहात आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. प्राचार्य माझ्या कानात म्हणाले, “बघा टेकाळे, याला विनय म्हणतात. शिका काहीतरी.” दुसऱ्या दिवशी पेपरात चारही रंगांत फोटो आला: सर, पाहुणे आणि मधे निळी बरणी. खाली छापलं होतं, ‘हवेतून पाणी काढणारी पावडर तयार, विनम्र संशोधकाने श्रेय नाकारले’. मी त्या कात्रणाचा फोटो काढून सतरा ग्रुपांवर टाकला.

ग्रुपावरून ग्रुपावर होत ते पाचव्या दिवशी हैदराबादला पोहोचलं.

बाईंचं पत्र तीनच वाक्यांचं होतं. सरांनी ते मला वाचायला दिलं. फोटोतला पदार्थ मी ओळखते. माझ्या विद्यार्थ्यांनी तो माझ्या आधी ओळखला आणि ते हसले. तुमच्या गणितावर विश्वास ठेवायला मला आता काही कारण उरलेलं नाही.

सरांनी लगेच उलट लिहिलं होतं: ती बरणी माझी नाही, मी तसं सभेतच सांगितलं. बाईंनी विचारलं, मग कुणी ठेवली? त्याच्याकडून तसं लिहून पाठवा; मी काम पुन्हा सुरू करते. विद्यार्थी या महिनाअखेरीपर्यंत मोकळा आहे, नंतर त्याला दुसरा विषय द्यावा लागेल.

सर माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागून मोकळं होता येतं. ते म्हणाले, “टेकाळे, दोन ओळी लिहून द्याल का? बरणी म्या ठेवली, बिराजदारांना ठाऊक नव्हतं. बस. खाली सही.”

“देतो की, सर. आज संध्याकाळीच देतो.”

त्या महिन्यात माझ्या बढतीची मुलाखत होती. समितीपुढं माझी सगळी फाइल जाणार होती, आणि त्याच सुमारास माझ्याच सहीचं, मी बनावट पदार्थ मांडला असं सांगणारं पत्र हैदराबादला हिंडत राहणार. संध्याकाळी मी डोकं दुखतं म्हणून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना विचारतो म्हणालो. तिसऱ्या दिवशी भाषा जरा वकिलाकडून बघून घेतो म्हणालो. चौथ्या दिवसापासून मी स्टाफरूमला जायला बॉटनीच्या बागेतला लांबचा रस्ता धरला. झाडांची बरीच लॅटिन नावं मला त्या दिवसांत पाठ झाली.

सरांनी पुन्हा विचारलं नाही. रोज येत, डब्यांवर हात ठेवत, मोजत. कॉलेजनंही चौकशी केली, कारण फोटोवरून बाहेर हसं व्हायला लागलं होतं. प्राचार्यांनी सगळ्या डिपार्टमेंटला समोर उभं करून विचारलं, बरणी कुणाची? मी माझ्या बुटांकडं बघत होतो. सय्यदमामू माझ्याकडं बघत होते. सर म्हणाले, “बरणी माझीच. म्या धुऊन ठेवली होती.” त्यात खोटं काहीच नव्हतं. प्राचार्यांनी पुढचं विचारलं नाही. त्यांनाही पुढचं नको होतं. सरांच्या फाइलला ताकीद लागली. महिना संपला. हैदराबादच्या विद्यार्थ्याला दुसरा विषय मिळाला आणि मला बढती.

सर निवृत्त झाले त्या आठवड्यात पाचही कॉम्प्युटर पुन्हा भंगारात गेले. निरोप समारंभात भाषण मीच केलं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

नंतर तीन वर्षं मी नळदुर्गवरून हैदराबादला आणि परत किती वेळा गेलो, पण त्यांच्या गावाच्या फाट्याला एस.टी. थांबली की मोबाइल बघत बसायचो. यंदाच्या मार्चमध्ये उतरलो. खिशात त्या दोन ओळी होत्या, स्वच्छ अक्षरात, खाली सही, हुद्द्यासकट. डिपार्टमेंटचा प्रमुख आता मी आहे.

सर ओट्यावर बसले होते. शर्ट पांढराच, पण इस्त्री नाही. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो निबंध तपासावा तसा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “अक्षर चांगलंय.”

“सर, हैदराबादला मी स्वतः पाठवतो. अजून वेळ गेलेली नाही.”

“गेली.” ते सावकाश बोलत होते. “मागल्या वर्षी बाहेरच्या देशात कुणीतरी केलं. दोनशे चौदासारखंच, एका अणूचा फरक. पहाटं धरतंय, उन्हात सोडतंय. निबंध मिळवून वाचला म्या.”

“म्हणजे तुमचं बरोबर होतं, सर.”

“बरोबर होतं हे ठाऊक होतं, टेकाळे. बघायचं होतं.”

मी पाठ करून आणलेलं सगळं बोलायला लागलो. मुलाखत होती, पोरीचं शिक्षण होतं, त्या वेळी बुद्धी फिरली. दुसऱ्याच वाक्याला रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीतून घागरी, बादल्या, निळी पिंपं बाहेर यायला लागली. सर उठले, कोपऱ्यातला पाइप खांद्यावर टाकला आणि मला “बसा” एवढं म्हणून गेले. गर्दीत कुणीतरी त्यांना पुढं जागा करून दिली. टँकरच्या तोटीला पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी दाबून ते उभे राहिले. फटीतून पाणी उडत होतं आणि शर्टाची एक बाजू छातीपर्यंत भिजली होती. माझ्याकडं त्यांनी वळून बघितलं नाही. मला वाटतं, विसरले असतील.

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ओट्यावर पडलेला कागद त्यांनी उचलला, उघडून वाचला आणि सहीखालच्या हुद्द्यावर बोट ठेवलं.

“हे मिळालं व्हय तुमाला?”

“मिळालं, वहिनी. तीन वर्षं उलटली.”

“आता आनखी वर काय मिळायचं राहिलंय?”

“काही नाही. हेच शेवटचं.”

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

“मग बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “आता परवडतंय तुमाला खरं बोलायला.”